धुराच्या कोळशाची विक्रीबंदी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडमध्ये धुराच्या कोळशाच्या विक्रीवर १९९०पासून आधी डब्लिनमध्ये, मग एकेका शहरात आणि शेवटी ३१ ऑक्टोबर २०२२पासून देशभर निर्बंध आले. इतर काही देशांनीही आपापल्या पद्धतीने हेच केलं. या विषयावर तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं बहुतेक आयर्लंडची आहेत. तीस वर्षांहून जास्त काळाचा अनुभव तिथे आहे, आणि तो चुकांसकट आहे.

धुराचा कोळसा म्हणजे नेमका कोणता? धूर तर सगळ्याच कोळशाचा होतो ना?

होतो, पण फरक फार मोठा असतो. बंदी आहे ती बिट्युमिनस जातीच्या मऊ दगडी कोळशावर. हा हातात धरला की बोटं काळी करतो, लवकर पेटतो, छान ज्योत देतो आणि स्वस्त असतो. त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा, कधीकधी तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त, तापल्यावर वायू आणि डांबर होऊन बाहेर पडणाऱ्या द्रव्यांचा असतो. अँथ्रासाइट या कठीण कोळशात हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या आत असतं. त्यामुळे तो पेटायला हट्टी, पण एकदा पेटला की जवळजवळ बिनधुराचा जळतो.

धूर नेमका कधी होतो ते फायरप्लेससमोर बसलं की कळतं. निखारे लाल फुललेले आहेत आणि कुणीतरी वरून फावडंभर नवा कोळसा टाकतं. खालची धग लागली की नवी ढेकळं मऊ पडतात, फुगतात, कडांवर डांबराचे बुडबुडे येतात आणि पिवळट करडा, जड धूर निघू लागतो. तो तिथल्या तिथे पेटला असता तर प्रश्नच नव्हता. पण नव्या थंड ढिगाऱ्याने आग दाबलेली असते, हवाही पुरेशी पोचत नाही, म्हणून तो न जळताच धुराड्यात चढतो. काही वेळाने फक्क करून ज्योत धरते आणि धूर विरतो. म्हणजे घाणीचा मोठा वाटा कोळसा टाकल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतला. थंडीच्या संध्याकाळी शहरातली सगळी घरं साधारण एकाच वेळी शेगडी पेटवतात. ही मिनिटं मग एकमेकांवर चढतात.

आणि बिनधुराचा कोळसा?

एक तर खाणीतून निघालेलं अँथ्रासाइट, नाहीतर कारखान्यात घडवलेल्या गोळ्या किंवा विटा. अँथ्रासाइटची भुकटी, बऱ्याचदा पेट्रोलियम कोक (तेलशुद्धीकरणातून उरणारा घट्ट कार्बन) आणि मळी किंवा राळेसारखं काहीतरी बांधणारं द्रव्य मिसळून त्या दाबून काढतात. आकार एकसारखा असतो म्हणून मधून हवा नीट खेळते. नाव ‘बिनधुराचा’ असलं तरी खरा अर्थ ‘कमी धुराचा’ असाच घ्यायचा. आयर्लंडच्या आताच्या नियमांतही शून्य धुराची अट नाही. ताशी १० ग्रॅमपेक्षा कमी धूर अशी अट आहे.

बंदी विकण्यावर का? सरळ जाळण्यावरच का घातली नाही?

या सगळ्या धोरणाचं मर्म याच प्रश्नात आहे.

जाळण्यावर बंदी घातली तर अंमलबजावणी कुठे करायची? लाखो घरांच्या दिवाणखान्यात. धुराड्यातून येणारा धूर कोणत्या इंधनाचा हे रस्त्यावरून सांगता येत नाही, ओल्या लाकडाचाही तसाच दिसतो. आत जाऊन पाहायचं तर आयर्लंडच्या राज्यघटनेने घराच्या उंबरठ्याला संरक्षण दिलेलं आहे. शिवाय थंडीत कुडकुडणाऱ्या म्हातारीच्या शेगडीत कोण डोकावणार आणि डोकावून तिला दंड कोण करणार? कागदावर कडक आणि व्यवहारात शून्य, असा तो कायदा झाला असता.

याउलट आयर्लंडमध्ये घरगुती कोळसा येतो तो जहाजाने. आयात करणारे मोजके, पुढे गोदामं, मग गाडीवरून पोती पोचवणारे आणि दुकानदार. ही साखळी मोजता येते, तिची नोंदणी करता येते, पोत्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं, नमुना घेऊन प्रयोगशाळेत पाठवता येतो. १९९०च्या डब्लिनच्या आदेशाने बिट्युमिनस कोळशाची विक्री, वितरण आणि जाहिरातबाजी थांबवली, शेगडीला हात लावला नाही. बंदी असलेल्या भागांत जाळण्यालाही मनाई पुढे २०१२च्या नियमांत जोडली गेली. पण काम केलं ते दुकानाच्या दारातल्या बंदीने. माल मिळेनासा झाला तेव्हा शेगड्या आपोआप बदलल्या.

याची दुसरी बाजूही आहे. जो कायदा दुकानाच्या दारात उभा असतो, त्याला शेजारच्या गावातलं दुकान दिसत नाही. पुढच्या बऱ्याच उत्तरांत हीच गळती पुन्हा पुन्हा भेटेल.

डब्लिनवर ही वेळ आली कशी?

गंमत अशी की ती बऱ्याच अंशी ओढवून घेतलेली होती. १९७०च्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेव्हा तेल सोडून घन इंधनाकडे वळायला सरकारनेच लोकांना प्रोत्साहन दिलं. लोक वळले. डब्लिन समुद्रकाठी आणि दक्षिणेला डोंगर. हिवाळ्यात वारा पडला की थंड हवा खाली बसते, वर उबदार हवेचं झाकण येतं आणि दुमजली घरांच्या बुटक्या धुराड्यांतला धूर वर जायला वाटच उरत नाही. १९८०च्या दशकात युरोपीय समुदायाने ठरवलेली धुराची मर्यादा शहराने वारंवार ओलांडली. जानेवारी १९८२मधल्या धुरक्याच्या दिवसांत रुग्णालयातले मृत्यू वाढल्याचं तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं.

१९८७मध्ये हवा प्रदूषण कायदा झाला. त्याआधारे पर्यावरण संरक्षणाच्या राज्यमंत्री मेरी हार्नी यांनी आदेश काढला आणि १ सप्टेंबर १९९०पासून डब्लिनमध्ये धुराचा कोळसा विकणं बेकायदा ठरलं. तारीख मुद्दाम हिवाळ्याच्या तोंडावरची. शेगड्या पेटायच्या आत दुकानं रिकामी व्हावीत म्हणून.

ही कल्पना पहिल्यांदा लंडनला सुचली ना?

कोळशाच्या धुरावर चिडणं लंडनला जुनंच. राजा पहिला एडवर्ड याने १३०६मध्ये समुद्री कोळसा, म्हणजे जहाजाने येणारा दगडी कोळसा, जाळायला मनाई केली होती, ती फारशी कुणी मनावर घेतली नाही. ५ ते ९ डिसेंबर १९५२च्या धुरक्याने मात्र शहर हादरलं. सुरुवातीचा हिशेब सुमारे ४,००० मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासांनी तो १२,००० पर्यंत नेला. त्यातून १९५६चा स्वच्छ हवा कायदा आला. पण त्याची रीत वेगळी होती. परिसर ‘धूरनियंत्रित’ जाहीर करायचा आणि तिथल्या शेगड्या बदलायला पैसे द्यायचे. बदलाच्या खर्चाचा दहातला सात हिस्सा नगरपालिका परत करत असे. म्हणजे लंडनने घराला हात घातला, पण सोबत पैशाची थैली नेली. अमेरिकेत सेंट लुईस शहराने त्याच्याही आधी, २८ नोव्हेंबर १९३९ला भरदुपारी दिवे लावायची वेळ आल्यावर, १९४०मध्ये नियम केला की एक तर बिनधुराचं इंधन वापरा, नाहीतर आगीत कोळसा आपोआप भरणारं यंत्र बसवा.

बंदीने खरंच माणसं वाचली का, की नुसतं आकाश स्वच्छ दिसलं?

या प्रश्नाचं उत्तर दोनदा दिलं गेलं आहे, आणि दोन्ही वेळा वेगवेगळं.

पहिलं उत्तर २००२चं. डॉक्टर ल्यूक क्लॅन्सी आणि सहकाऱ्यांनी ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डब्लिनच्या बंदीआधीच्या ७२ महिन्यांची तुलना नंतरच्या ७२ महिन्यांशी केली. हवेतला काळा धूर सरासरी घनमीटरमागे ३५.६ मायक्रोग्रॅमने, म्हणजे जवळपास ७० टक्क्यांनी घटला होता. श्वसनविकारांचे मृत्यू १५.५ टक्क्यांनी आणि हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारांचे १०.३ टक्क्यांनी कमी झाले होते. वर्षाला अनुक्रमे सुमारे ११६ आणि २४३ मृत्यू टळले, असा त्यांचा हिशेब. हे आकडे जगभर गाजले.

मग २०१३मध्ये अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने फेरतपासणीचा अहवाल प्रसिद्ध केला. डग्लस डॉकरी यांच्या गटाने केलेल्या या अभ्यासात खुद्द क्लॅन्सीही सहभागी होते. या वेळी डब्लिनसोबत नंतर बंदी आलेली शहरं घेतली आणि बंदी नसलेल्या भागांशीही ताडून पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की हृदयविकाराचे मृत्यू त्या काळात सगळ्या आयर्लंडमध्येच उतरत होते, बंदी असो वा नसो. त्यामुळे ते श्रेय बंदीच्या खात्यातून वजा झालं. श्वसनविकारांच्या मृत्यूंमधली घट मात्र टिकून राहिली. डब्लिनमध्ये ती सुमारे १७ टक्के निघाली.

कुणी तुम्हाला फक्त २००२चा आकडा फेकून मारला तर त्याला २०१३ची आठवण करून द्यावी. आणि ‘बघा, बंदीचा काही फायदा नाही असं सिद्ध झालं’ असं कुणी म्हणालं तर त्यालाही तीच आठवण करून द्यावी, कारण फुप्फुसांचा फायदा दोन्ही वेळा दिसला. मला स्वतःला दुसरा अभ्यास जास्त आवडतो. आपलाच गाजलेला निष्कर्ष पुन्हा तराजूत घालायला हिंमत लागते.

एवढा फायदा दिसला तर देशभर लागू व्हायला ३२ वर्षं का लागली?

शहरामागून शहर असा तो प्रवास झाला. १९९५मध्ये कॉर्क, १९९८मध्ये लिमरिक, ड्रॉहेडा, डंडॉक यांसारखी पाच ठिकाणं, २०००मध्ये गॉलवे, वॉटरफर्ड आणि आणखी काही, २००३मध्ये स्लायगो, ट्रली, किलकेनी वगैरे. २०२०मध्ये १०,०००हून जास्त वस्तीची उरलेली गावं आली. दर वेळी नकाशावर एक रेघ ओढली जायची आणि दर वेळी रेघेपलीकडचं दुकान जोरात चालायचं. पोतं गाडीच्या डिकीत टाकून अलीकडे आणायला कुणाची ना नव्हती.

देशव्यापी बंदीची घोषणा २०१५मध्येच झाली होती. घोडं अडलं ते कायद्यात. कोळसा कंपन्यांचा युक्तिवाद असा होता की पीट (दलदलीतून कापून काढलेलं इंधन) आणि ओलं लाकूडही धूर ओकतं, मग फक्त आमच्याच मालावर देशभर बंदी कशी? कोर्टात जाण्याची भाषा झाली आणि सरकार बिचकलं. युक्तिवाद स्वार्थी होता, पण शास्त्राच्या कसोटीवर खोटा नव्हता, आणि म्हणूनच तो चालला. शेवटी २०२२चे नियम आले ते एका जातीच्या कोळशाचं नाव घेऊन नव्हे, तर सगळ्याच घन इंधनांना गुणवत्तेच्या अटी लावून.

आता नेमकं काय विकता येतं?

कोळसा किंवा कोळशापासून केलेलं इंधन ताशी १० ग्रॅमपेक्षा कमी धूर देणारं हवं. गंधक आधी २ टक्क्यांच्या आत आणि १ सप्टेंबर २०२५पासून १ टक्क्याच्या आत. लाकूड दोन घनमीटरपेक्षा कमी विकायचं असेल तर ओलावा आधी २५ आणि १ सप्टेंबर २०२५पासून २० टक्क्यांच्या वर नको. त्याहून मोठा ढीग ओला विकता येतो, पण तो वाळवायचा कसा याच्या सूचना सोबत द्याव्या लागतात. तपासणीचं काम स्थानिक प्रशासनाचं. इंग्लंडच्या अटी याच वळणाच्या आहेत. तिथे पोत्यातल्या साध्या कोळशाची विक्री १ मे २०२१ला थांबली आणि सुट्या कोळशाची १ मे २०२३ला.

लाकूड तर नैसर्गिक आहे. त्याला कशाला अटी?

ओल्या लाकडाची बरीच धग स्वतःचं पाणी उडवण्यातच जाते, आग थंड राहते आणि थंड आग म्हणजे धूर. चुलीशी बसलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. नैसर्गिक असण्याचा फुप्फुसाला काही उपयोग नाही.

मग पीट का सुटलं?

पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचून दबलेला वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात. आयर्लंडमध्ये त्याला टर्फ म्हणतात आणि ग्रामीण भागात तो नुसता इंधन नाही, घराण्याचा हक्क आहे. अमुक दलदलीतून टर्फ कापायचा अधिकार पिढ्यान्पिढ्या चालत येतो. उन्हाळ्यात अख्खं कुटुंब विटा उलटून वाळवायला जातं. २०२२च्या वसंतात पर्यावरण मंत्री इमन रायन यांनी टर्फविक्रीवर बंधनं आणण्याचं सूतोवाच केलं आणि सत्ताधारी आघाडीतच भडका उडाला. अखेर तोडगा निघाला तो असा: दुकानातून, इंटरनेटवरून किंवा जाहिरात करून टर्फ विकायचा नाही. ज्यांना कापायचा हक्क आहे त्यांनी कापावा, जाळावा, गावातल्या गावात शेजाऱ्यालाही द्यावा.

राजकारण म्हणून हे समजण्यासारखं आहे. हवेचं गणित मात्र अवघड करून ठेवलं. गॉलवेच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८मध्ये दाखवलं की डब्लिनमध्येसुद्धा, जिथे मूठभर घरंच पीट आणि लाकूड जाळतात, अतिप्रदूषणाच्या रात्री हवेतल्या अतिसूक्ष्म कणांत त्यांचा वाटा ७० टक्क्यांपर्यंत जातो. कोळसा गेला, त्याची जागा याने घेतली. बंदी कोळशावरच थांबली तर काय होतं त्याचा याहून बोलका दाखला नाही.

वीजकेंद्रं डोंगराएवढा कोळसा जाळतात. मग घरातल्या पोत्यावरच डोळा का?

कारण तुम्ही श्वास कुठे घेता यावर सगळं अवलंबून आहे. वीजकेंद्रात कोळशाची पीठासारखी भुकटी करून प्रचंड तापमानात पूर्ण जाळतात, राख गाळून घेतात आणि उरलेलं शेकडो फूट उंच धुराड्यातून सोडतात. घरचं धुराडं शेजाऱ्याच्या माडीच्या खिडकीला समांतर असतं. किलोमागे कुणाची घाण तुमच्या नाकात जास्त जाते हे उघड आहे. आणि वीजकेंद्रं सुटली असंही नाही. आयर्लंडच्या मनीपॉइंट वीजकेंद्राने जून २०२५मध्ये कोळसा जाळणं बंद केलं.

छोट्या गावात मोकळी हवा असते. तिथे बंदीची काय गरज?

मोकळी हवा वारा असेल तेव्हा. स्लेनी नदीच्या खोऱ्यात वसलेलं एनिस्कॉर्थी हे छोटं गाव हिवाळ्यातल्या वाईट आकड्यांसाठी बातम्यांत यायचं. गॅसची जोडणी नसलेली, शेगडीवर अवलंबून असलेली गावं खोलगट भागात असली की संध्याकाळी सात ते मध्यरात्र तिथली हवा मोठ्या शहरापेक्षा वाईट होऊ शकते. दिवसभराची सरासरी काढली की हा डोंगर सपाट दिसतो. म्हणून सरासरीवर न जाता ताशी आकडे पाहावेत.

गरिबाच्या खिशाला हे परवडतं का?

पोत्याला पोतं ठेवलं तर बिनधुराचं महाग. पण ते जास्त वेळ जळतं आणि किलोमागे उष्णता सहसा जास्त देतं. त्यामुळे हिवाळ्याच्या शेवटी केलेला हिशेब पोत्याच्या किमतीइतका वाईट निघत नाही. हा मुद्दा बरोबर आहे, पण शुक्रवारी हातात एकाच पोत्याचे पैसे असलेल्या माणसाला तो ऐकवू नये. आयर्लंडने बंदी असलेल्या भागांत इंधनभत्त्यावर जादा रक्कम दिली होती, पुढे ती बंद केली. माझ्या मते भत्ता हाच बंदीचा अर्धा भाग आहे. तो काढला की माणूस रेघेपलीकडच्या दुकानाकडे पाहू लागतो. आयर्लंडमध्ये ती रेघ आजही आहे. उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचा भाग, तिथे आयर्लंडचा कार्बन कर लागत नाही, नियमही वेगळे, आणि सीमेवर अडवायला कुणी नाही.

बिनधुराचा म्हणजे घरात सुरक्षित, असं समजायचं का?

मुळीच नाही, आणि हे नीट वाचा. धूर हा एक प्रकारे इशाराही असतो, डोळे चुरचुरतात, खोकला येतो. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. मंगोलियाची राजधानी उलानबातर इथे १५ मे २०१९पासून कच्चा कोळसा बंद करून दाबलेल्या विटा दिल्या गेल्या. त्यांची जळण्याची तऱ्हा वेगळी, लोकांच्या चुली आणि सवयी मात्र जुन्याच. हिवाळा सुरू होताच विषबाधेच्या घटना घडल्या, माणसंही दगावली. इंधन बदललं की धुराडं साफ करून घ्या, हवेची वाट तपासा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. निखारे मंद झाले म्हणून धुराड्याची झडप बंद करून झोपू नका.

यामुळे हवामानबदलालाही आळा बसेल का?

फारसा नाही. बिनधुराचा कोळसाही शेवटी कार्बनच आहे. ही बंदी फुप्फुसांसाठी आहे, दोन्ही गोष्टींची गल्लत करू नये. पोलंडमधल्या क्राकोव्हने १ सप्टेंबर २०१९पासून शहरात कोळसा आणि लाकूड दोन्ही जाळणंच बंद केलं, तो रस्ता जास्त कडक आहे. मात्र त्याआधी जुन्या भट्ट्या काढून टाकायला वर्षानुवर्षं अनुदान द्यावं लागलं.

घरात जुन्या कोळशाचं अर्धं पोतं पडलंय. काय करू?

विकू नका, आयर्लंडमध्ये तो गुन्हा ठरेल. शेजाऱ्याला देऊन टाकलंत तर धूर फक्त दोन घरं पलीकडे जाईल. कचरा घेणाऱ्या स्थानिक यंत्रणेला विचारा की ते घेतात का. आणि पोतं कोरड्या जागी, झाकून ठेवा. ओल्या कोळशाचा धूर आणखी वाईट असतो.